भयकथेचा अभ्यास: सुरुवात एकाच जोडीपासून करा

पन्नास सिनेमांची यादी आधी बाजूला ठेवा. एक कादंबरी आणि तिच्यावरचा एक सिनेमा घ्या. शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) आणि रॉबर्ट वाइजचा ‘द हाँटिंग’ (१९६३) ही जोडी उत्तम, कारण सिनेमात भूत शेवटपर्यंत दिसतच नाही.

आधी पुस्तक वाचा. नायिका एलेनॉर अंधारात त्या घरातल्या तिच्या सोबतिणीचा, थिओचा हात घट्ट धरून पडलेली असते तो प्रसंग दोनदा वाचा. दिवा लागतो तेव्हा थिओ दूर, दुसऱ्याच पलंगावर! आता तोच प्रसंग सिनेमात तीनदा पाहा: एकदा सरळ, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर आणि एलेनॉरच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, ते सेकंदांत लिहा. आवाज बंद केला की भीती बरीचशी ओसरते. म्हणजे ती कुठून येत होती, ते कळतं.

वहीत तीन रकाने पुरेत: प्रेक्षकाला काय माहीत आहे, पात्राला काय माहीत आहे, काय लपवलंय. नवखे ‘दचकलो’ एवढंच लिहून मोकळे होतात. दचकणं क्षणाचं असतं, धास्ती त्याआधी साचत जाते. नोंद तिची हवी.

अद्भुत साहित्याचा सिद्धांत मांडणारं समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्हचं १९७० चं पुस्तक त्यानंतर. आधी वाचलंत तर प्रत्येक कथा त्याच्याच साच्यात कोंबाल. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा शेजारी ठेवून वाचा, पण एका वेळी एकच कथा.