नखांच्या कडांसाठी घरचं तेल: कोणतं, कसं आणि मुख्य म्हणजे कधी

ताई, कापूस वेचणी सुरू झाल्यापासून नखांच्या कडेची सालपटं निघतात, नखं टोकाला पापुद्र्यांसारखी सुटतात, असं तुम्ही लिहिलंय. बदामाच्या तेलात लसूण आणि लिंबाचा रस घालून क्युटिकल ऑइल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीला लावायचं तेल, करावं का, आणि सगळ्यांत चांगलं तेल कोणतं, हे तुमचे दोन प्रश्न. मी अमळनेरकडची. वीस वर्षांपासून पार्लर चालवते, आणि लग्नाआधी दर दिवाळीला आईबरोबर कपाशीत असायचे. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या बाजूला कशी टोचतात ते मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लसूण आणि लिंबू. दोन्ही घालू नका. कच्चा लसूण कातडीवर राहिला तर भाजल्यासारखा फोड येतो, आणि तुमच्या कडा तर आधीच उघड्या आहेत. लिंबाचा रस तेलात मिसळतच नाही, खाली बसतो आणि चिरांमध्ये झोंबतो. शिवाय तो हाताला लागून उन्हात गेलं की कातडीवर काळपट डाग पडतात. तुम्हाला दिवसभर शेतात उन्हातच राहायचंय. घरच्या तेलाचा एक नियम पक्का धरा: बाटलीत पाण्याचा थेंब जाता कामा नये. मी एकदा अंगणातल्या कोरफडीचा ताजा गर तेलात घालून ठेवला होता. थोड्याच दिवसांत वर बुरशीचा थर आला आणि सगळी बाटली फेकावी लागली.

आता तेल करतं काय, ते सांगते. नखाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो, केसासारखा. त्याला वरून काही खाऊ घालता येत नाही. नख तयार होतं ते कातडीखाली, मुळाशी, आणि क्युटिकल म्हणजे त्या मुळाच्या तोंडाशी बसलेलं झाकण. ते चिरलं की जंतू आत जातात. तेलाचं काम दोनच गोष्टींचं: ते झाकण मऊ ठेवणं आणि नखात असलेला ओलावा उडून जाऊ न देणं. तेल स्वतः ओलावा देत नाही. म्हणून कोरड्या ठाक हातावर कितीही महागडं तेल चोळलं तरी फरक कमीच पडतो. माझी आई रात्री भांडी आटोपल्यावर म्हणायची, "हात वला शे तवयच तेल लाव." हात धुऊन फडक्याने टिपायचे, आणि जो किंचित दमटपणा राहतो त्यावरच तेल. इतक्या वर्षांत याहून कामाची गोष्ट मला कुठल्या कोर्समध्ये मिळाली नाही.

पण दमट म्हणजे भिजवलेले नव्हे. नख पाणी पितं, फुगतं, वाळलं की आकसतं. हे दिवसातून दहा वेळा झालं की त्याचे थर सुटायला लागतात. तुमचे पापुद्रे बहुधा भांडी-धुण्याच्या पाण्याने आणि पावडरीने निघतायत. वेचणीने सालपटं वाढवली असतील. पावडर हाताचा नैसर्गिक तेलकटपणाही काढून नेते. रबरी हातमोजे घाला, आत जुने सुती मोजे घातले तर घामाने हात भिजत नाहीत. हे केलं नाही तर तेल एकटं पुरणार नाही.

तर कृती. चहाचे तीन चमचे तिळाचं तेल आणि एक चमचा एरंडेल, मिळून साधारण २० मिली. तीळ न भाजता काढलेलं घाण्याचं तेल घ्या. एरंडेल घट्ट असतं, नखाच्या कडेवर टिकून राहतं, पण एकटं लावलं तर चिकट होतं, म्हणून एवढंच. त्यात व्हिटॅमिन ई ची एक कॅप्सूल सुईने टोचून पिळा. ती तेल लवकर खवट होऊ देत नाही, मी ती मुख्यतः त्यासाठीच घालते. वास हवा असेल तर लव्हेंडरच्या सुगंधी तेलाचे (इसेन्शियल ऑइल) ४ थेंब, त्याहून जास्त नाही. नाही घातला तरी काहीच बिघडत नाही. सगळं गरम न करता बाटलीत हलवायचं, झालं.

बदामतेल घरात असेल तर तिळाच्या जागी खुशाल वापरा, पण त्यासाठी मुद्दाम विकत आणू नका. खोबरेल मला आवडतं, फक्त ते २४ अंशांच्या खाली थिजतं आणि आपल्याकडे पौषात बाटलीतून बाहेरच येत नाही. जवसाचं तेल फार लवकर खवट होतं, टाळा. गावाकडे चिरांवर बिब्ब्याचं तेल लावणारे अजून आहेत. ते नखांच्या आसपासही नेऊ नका, त्याने मोठाले फोड येतात.

बाटली छोटी आणि गडद रंगाची घ्या, धुऊन उन्हात पूर्ण वाळवा, तारीख लिहून चिकटवा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तेल पटकन बिघडतं. म्हणून एका वेळी दोन-तीन महिन्यांपुरतंच करा आणि उन्हाळ्यात फ्रिजच्या दारात ठेवा. जुन्या शेंगदाण्यांसारखा वास आला की फेकून द्या. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा. तीळ किंवा बदाम ज्यांना सोसत नाही त्यांनी ते टाळावंच.

लावताना एका नखाला एक थेंबही जास्त होतो. अर्धा थेंब मुळाशी आणि दोन्ही कडांना, मग अंगठ्याने गोल चोळायचं, आणि नखाच्या टोकाखालीही जरा. रात्री झोपताना नक्की, आणि दिवसातून आणखी एकदा जमलं तर. कापूस वेचायला जाताना मात्र लावू नका, तेलकट बोटांनी कापसाला डाग पडतो. त्या वेळी अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना कापडी चिकटपट्टी गुंडाळा.

सालपट ओढू नका, नेलकटरने तेवढंच टोक कापा. आणि क्युटिकल तर कापूच नका. मी पार्लर सुरू केलं तेव्हा मला ते कापायलाच शिकवलं होतं. एका बाईंच्या अंगठ्याची कातडी मी जरा खोल कापली, चार दिवसांत नखुर्डं झालं, पू झाला, आणि डॉक्टरांकडे जाऊन तो काढावा लागला. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या दिवसापासून माझ्याकडे क्युटिकल कापत नाही. तेल लावून, पाच मिनिटं थांबून, ओल्या फडक्याने हळूच मागे सारतो, बस.

धीर धरावा लागेल. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला सहाएक महिने. कडांची कातडी आठवड्या-दोन आठवड्यांत मऊ होते, पण आज सुटलेला पापुद्रा परत जुळत नाही, तो वाढून कापला जाईपर्यंत थांबायचं. नख जाड, पिवळं, भुसभुशीत होत असेल, मूळ लाल होऊन ठणकत असेल, किंवा नखाखाली नवी काळी रेघ दिसली, तर तेल बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नखं चमच्यासारखी खोलगट झाली असतील तर रक्ताची तपासणी करून घ्या, अंगात लोह कमी असू शकतं. घरात कुणाला साखरेचा त्रास असेल तर त्यांनी बोटाची सूज एक दिवसही अंगावर काढू नये.

आणि तुम्ही शेवटी लिहिलंय की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायच्या आत नखं बरी दिसावीत. आत्ता सुरुवात केलीत तर तोवर निम्म्याहून अधिक नख नवं आलेलं असेल. फक्त मेंदी काढायच्या दिवशी सकाळपासून तेलाला हात लावू नका, तेल असेल तिथे मेंदी रंगत नाही. मेंदी वाळून खरवडली की मग लावा.