नेटवरचे कॉल आणि राउटरचा आगाऊपणा

नेटवरून फोन लावणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आलीयत आणि जवळपास सगळ्यांचा रोख फायरवॉलवरच, म्हणजे नको ते बाहेरच अडवणाऱ्या पहारेकऱ्यावरच आहे. त्यातली चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण पुढच्या दोघांनीही ते वाचावं, कारण रोग साधारण एकाच घराण्यातला आहे.

प्रश्न : मी एका कंपनीच्या कस्टमर सपोर्टला आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. लॅपटॉपवर कंपनीचा सॉफ्टफोन, म्हणजे कॉल करायचं सॉफ्टवेअर आहे. घरच्या वायफायवर कॉल आला की रिंग वाजते, मी उचलते, माझं बोलणं समोरच्याला जातं पण त्यांचं मला काहीच ऐकू येत नाही आणि अर्ध्या मिनिटाने कॉल आपोआप कट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप एकदम मस्त चालतो. आयटीवाले म्हणतात तुमच्या घरचा फायरवॉल अडवतोय, नेटवाला म्हणतो १०० एमबीपीएस स्पीड येतोय, आमच्याकडून सगळं ओके. भाऊ म्हणतो फायरवॉल बंदच करून टाक. करू का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नका करू ताई. हॉटस्पॉटवर लावून बघितलंत हे फार बरं केलंत, त्यानेच निम्मा तपास झाला. तोच लॅपटॉप, तोच सॉफ्टफोन, तोच पासवर्ड, आणि तिकडे चालतंय म्हणजे विंडोजचा फायरवॉल, अँटीव्हायरस, माइक, कंपनीचा सर्व्हर हे सगळे सुटले, संशयित एकच उरला तो म्हणजे घरचा राउटर. स्पीडचा तर इथे संबंधच नाही, एका कॉलला जाऊन-येऊन मिळून २०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत.

आता होतं काय ते बघा. अशा फोनमध्ये दोन वेगवेगळे व्यवहार चालतात. कॉल लावणं, रिंग वाजवणं, कट करणं हे सगळं एसआयपी नावाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे ठरलेल्या नियमांवर, बहुतेक वेळा ५०६० पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नंबर टाकलेला दरवाजा समजा). आणि प्रत्यक्ष आवाज जातो तो आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवर, त्याचे पोर्ट वेगळे, कॉलगणिक बदलणारे. म्हणून रिंग येते पण आवाज येत नाही हा प्रकार होऊ शकतो, रिंग एका वाटेने आलेली असते आणि आवाज दुसऱ्या वाटेने येताना अडकतो.

तो का अडकतो? कॉल उचलताना तुमचा सॉफ्टफोन समोरच्या सर्व्हरला कळवतो की माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर पाठव. सॉफ्टफोनचा लॉग उघडलात तर त्यात एक ओळ दिसेल, सी=आयएन आयपी४ १९२.१६८.१.३४ अशासारखी. आता १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो, बाहेरच्या इंटरनेटवर त्याला काही अर्थ नाही. कुरियरवाल्याला पत्ता म्हणून ‘मधली खोली, खिडकीजवळ’ एवढंच लिहून दिल्यासारखं आहे ते. तुमचा आवाज जातो कारण तो आतून बाहेर जातोय आणि सर्व्हरचा पत्ता खरा आहे, त्यांचा येत नाही कारण त्यांच्याकडे मधली खोली आहे.

हे कंपन्यांच्या सर्व्हरना पूर्वीपासून माहिती आहे, त्यामुळे बरेचसे सर्व्हर त्या लिहिलेल्या पत्त्याकडे दुर्लक्ष करतात आणि तुमचा आवाज जिथून आला तिथेच उलट पाठवतात. हॉटस्पॉटवर बहुधा हेच होत असणार. आणि घरी गडबड होते कारण राउटर मध्ये तोंड घालतो. बहुतेक घरगुती राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची एक सोय असते, ती प्रत्येक एसआयपी निरोप उघडून आतला पत्ता स्वतःच्या समजुतीने बदलून पुढे पाठवते. हेतू मदतीचाच आहे, पण बऱ्याच राउटरमध्ये ती इतकी अर्धवट लिहिलेली असते की अर्धे पत्ते बदलतात, अर्धे तसेच राहतात, आणि सर्व्हरला वाटतं यांचा पत्ता बरोबर आहे.

तुमचा कॉल अर्ध्या मिनिटाने तुटतो ना, घड्याळ लावून बघा, बहुतेक ३२ सेकंद भरतील. तो आकडा एसआयपीच्या २००२ सालच्या नियमांतूनच येतो. कॉल उचलल्यावर फोन सर्व्हरला ‘उचलला’ असं कळवतो आणि सर्व्हरकडून पोच यावी लागते. पोच आली नाही तर फोन पुन्हापुन्हा कळवत राहतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट म्हणजे ३२ सेकंद झाले की नाद सोडतो आणि कॉल कट करतो. तुमच्याकडे पोच येतेय पण राउटरने खाडाखोड केलेल्या पत्त्यावर, म्हणजे कुठेच नाही. आवाज एकतर्फी आणि ३२ सेकंदांना कट ही जोडी दिसली की मी तरी आधी एएलजीच धरतो.

तर उपाय. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (बहुतेक १९२.१६८.१.१, राउटरच्या पोटाखाली स्टिकरवर असतो), लॉगिन करा आणि एएलजी शोधा. कुणी तो ॲडव्हान्स्डमध्ये ठेवतं, कुणी एनएटीत, कुणी सिक्युरिटीत, कंपनीगणिक जागा वेगळी. एसआयपीसमोरची टिक काढा, सेव्ह करा, राउटर बंद करून चालू करा आणि सॉफ्टफोनही पूर्ण बंद करून परत उघडा, नाहीतर जुनंच रजिस्ट्रेशन (फोनने सर्व्हरकडे केलेली ‘मी इथे आहे’ ही नोंद) चालू राहतं आणि तुम्ही म्हणाल काही फरक नाही. फायबरवाल्याने दिलेल्या डब्यात ही सेटिंग कधीकधी ग्राहकाला दिसतच नाही, मग कस्टमर केअरला सरळ ‘एसआयपी एएलजी डिसेबल करा’ असंच सांगा, ‘आवाज येत नाही’ म्हणालात तर ते परत स्पीड टेस्टच करायला लावतील. फक्त त्याच डब्यावर लँडलाइनही असेल तर ती नंतर चालतेय ना ते बघून घ्या.

तेही जमलं नाही तर आयटीवाल्यांना विचारा की टीएलएसवर, म्हणजे ५०६१ पोर्टवर जोडता येईल का. त्यात निरोप कुलूपबंद जातात, राउटरला वाचताच येत नाहीत, आणि वाचता आले नाहीत की खाडाखोडही बंद.

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला नेट फोनचा डबा राउटरला लावलाय. आवाज येत नव्हता म्हणून इथल्या केबलवाल्याच्या पोराने राउटरमध्ये तो डीएमझेडमध्ये टाकून दिला, तेव्हापासून आवाज ठीक. पण आता रात्री दोन-अडीचला फोन वाजतो, नंबर १०० किंवा १००१ असा दिसतो, उचलला तर कोणीच नाही. ही झोपेतून दचकून उठते, तिला वाटतं मुलाकडूनच काही. कोण करतंय हे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : माणूस कोणीच नाही काका, त्यामुळे ते १०० म्हणजे पोलीस वगैरेही नव्हेत. इंटरनेटवर चोवीस तास असे प्रोग्रॅम फिरत असतात जे पत्त्यांमागून पत्ते घेऊन ५०६० पोर्ट ठोठावतात आणि आतून एखादा फोन किंवा ऑफिसातलं टेलिफोन एक्सचेंज उत्तर देतंय का बघतात. त्यातला एक जुना तर निरोपात स्वतःची ओळख ‘फ्रेंडली स्कॅनर’ अशी देतो, काय म्हणायचं आता! ज्यांच्या एक्सचेंजचा पासवर्ड १२३४ असतो तिथून हे लोक परदेशात महागडे कॉल करतात आणि बिल मालकाच्या माथी. तुमच्याकडे फक्त डबा आहे, त्यामुळे सहसा घंटाच वाजते, पण झोपमोड व्हायची ती होतेच.

डीएमझेड म्हणजे त्या डब्यासाठी घराचे सगळे दरवाजे सताड उघडे. पोराने आवाज आणून दिला हे खरं, पण हा उपाय मला अजिबात पटत नाही. आधी डीएमझेड काढायला सांगा, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ५०६० घातला असेल तर तोही, आणि मग वर ताईंना सांगितलंय तसं एएलजी बंद. डब्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये फक्त आपल्या सर्व्हरकडूनच कॉल घ्यायचा असा पर्याय पुष्कळदा असतो, डबा मुलाच्या खात्यावर असेल तर तो तिकडूनही बघू शकेल, सुटीच्या दिवशी बसवा त्याला कामाला.

प्रश्न : मी लावलेले कॉल लागतात, आवाज दोन्हीकडून छान. पण मला कोणी केला तर, मी फोन वापरल्यावर लगेच आला तर येतो, थोडा वेळ गेला की रिंगच वाजत नाही, समोरच्याला ‘उपलब्ध नाही’ ऐकू येतं. नेट कंपनी म्हणते स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटचा पत्ता घ्या, महिन्याला जादा पैसे. घ्यावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लगेच नको. वरच्या ताईंच्या हॉटस्पॉटवर कुठे स्टॅटिक आयपी असतो, तरी तिथे कॉल येतातच की. तुमचा फोन सर्व्हरशी बोलला की राउटर परतीची एक वाट उघडी ठेवतो, आणि काही वेळ त्यावरून काहीच गेलं नाही तर बंद करतो. पुष्कळ राउटर हा वेळ ३० सेकंदांइतका कमी ठेवतात आणि फोन मात्र तासाभराने एकदा रजिस्टर होतो, मधल्या वेळात वाट बंद. सॉफ्टफोनच्या सेटिंगमध्ये कीप-अलाइव्ह (वाट उघडी राहावी म्हणून अधूनमधून पाठवायचा छोटा निरोप) शोधा, चालू करून २० सेकंद ठेवा. तो पर्याय नसेल तर रजिस्ट्रेशनचा वेळ सर्व्हर घेईल तितका कमी करा, किंवा निरोप पाठवायच्या पद्धतीत यूडीपीऐवजी टीसीपी निवडा.

प्रश्न : दुबईत आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो सगळं जातं, पण आईला सांगलीला कॉल केला की नुसतं ‘कनेक्टिंग’. राउटर बदलून झाला. कुठली सेटिंग राहिली?
— एक वाचक, दुबई

उत्तर : कुठलीच नाही, आणि राउटरचे पैसे उगाच गेले. हे घरात अडत नाहीये, यूएईमध्ये नेटवरच्या कॉलसाठी ॲपला तिथल्या नियामकाची मान्यता लागते आणि बाकीच्यांचे कॉल मोबाइल-नेट कंपन्याच अडवतात, मेसेज सोडून देतात. व्हीपीएन लावा असं कोणीतरी सांगेलच, तिथला कायदा बघता मी सांगणार नाही. मान्यता असलेलं बोटिमसारखं एखादं ॲप घ्या, आईच्या फोनमध्येही तेच टाकावं लागेल, शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला सांगा.