पणजोबांचं नाव फिल्मवर कसं शोधू?

प्रश्न : माझे पणजोबा १८९७च्या प्लेगात पुण्यात होते. लोकमान्य टिळकांनी उभारलेल्या हिंदू प्लेग इस्पितळात त्यांनी रोग्यांची सेवा केली आणि ‘केसरी’त त्यांचं नाव छापून आलं, असं आजी सांगायची. तारीख कुणालाच ठाऊक नाही. एका ग्रंथालयात विचारलं, तर मूळ अंक हाताळायला देत नाही, मायक्रोफिल्म बघा, असं सांगितलं. मी निवृत्त शिक्षिका आहे. ते यंत्र मी कधी पाहिलेलंही नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, वाई)

उत्तर : सुरुवात यंत्रापासून करू नका, घरी वही-पेन घेऊन करा. एका संशोधन ग्रंथालयाच्या मायक्रोफिल्म विभागात मी सव्वीस वर्षं काम केलं. दिवसभर हँडल फिरवून, डोळे लाल करून रिकाम्या हाताने परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. बहुतेकांची अडचण एकच होती, त्यांच्याकडे तारीख नव्हती. पुस्तकाच्या मागे सूची असते, तशी फिल्मला नसते. शंभर फुटांच्या एका रिळावर सहाशेच्या आसपास चित्रं, म्हणजे पानांचे छोटे फोटो, असतात आणि ती एकामागून एक डोळ्यांखालून घालावी लागतात.

तुमच्याकडे तारीख नसली तरी काळ आहे, आणि तो बऱ्यापैकी आवळता येतो. आजीच्या बोलण्यात प्लेग अधिकारी रँडच्या खुनाचा उल्लेख यायचा का, ते घरातल्या थोरांना विचारा. रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जून १८९७च्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर. गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या त्या त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता, दर मंगळवारी निघायचा. २ मार्च मंगळवार, २२ जूनही मंगळवारच. मोजून बघा, सतरा अंक होतात. ‘कधीतरी प्लेगात’ यापेक्षा ‘हे सतरा अंक’ ही मागणी किती वेगळी आहे, ते ग्रंथालयाच्या खिडकीशी उभं राहिल्यावर कळेल. या सतरांत नाव मिळालं नाही, तर मागे फेब्रुवारीकडे सरका, मग जुलैकडे. प्रत्येक अंक पाहून झाला की वहीत त्याच्यापुढे खूण करा. दुसऱ्या दिवशी आपण कुठवर आलो होतो, हे आठवत नाही, खरंच नाही.

घरात जुनी पत्रं किंवा टिपणं असतील, तर त्यांत इंग्रजी तारखेऐवजी तिथी आणि शक असण्याची शक्यता जास्त. त्या वर्षी पाडवा एप्रिलच्या सुरुवातीला आला. त्यामुळे मार्चमधली नोंद शके १८१८ची असेल आणि मेमधली शके १८१९ची. या एका वर्षाच्या फरकाने चुकीचं रीळ मागवलेले लोक मला आठवतात.

आता नावाबद्दल. तुम्ही आज जसं लिहिता तसं ते छापलेलं असेल, असं धरून चालू नका. पुढे ‘रा. रा.’ असेल, आडनावाऐवजी गावाचं नाव असेल, किंवा नुसतं नाव आणि वडिलांचं नाव असेल. तेव्हा ‘म्हणून’ हा शब्द ‘ह्मणून’ असा छापत, अनुस्वार जागोजागी असत. प्लेगलाही प्लेगच म्हटलेलं असेल असं नाही, ‘ग्रंथिक सन्निपात’ असा शब्द दिसला तर थांबा. मोठ्या अग्रलेखात स्वयंसेवकाचं नाव येण्याची आशा मी फार धरणार नाही. बारीक टायपातली स्थानिक हकीकत, वाचकांची पत्रं, देणग्यांची पोच, हे कोपरे आधी वाचा. साध्या माणसांची नावं मला नेहमी तिथेच सापडली.

फिल्म कुठे मिळेल? पुण्यात नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात आधी चौकशी करा, ‘केसरी’चं स्वतःचं घर तेच. दिल्लीला तीन मूर्ती भवनात पूर्वीचं नेहरू स्मारक ग्रंथालय आहे, आता त्याचं नाव प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय. जुन्या वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्मचा देशातला फार मोठा साठा तिथे आहे. वाईहून दिल्ली लांब आहे, म्हणून आधी पत्र लिहा, वर्ष आणि महिने स्पष्ट लिहा. आणखी एक साधन लोक विसरतात. देशी वृत्तपत्रांत काय छापून येतं, यावर मुंबई सरकार नजर ठेवून असे आणि त्याचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार होई. हे साप्ताहिक अहवाल मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात पाहता येतात. त्यांत पणजोबांचं नाव बहुधा नसेल. पण प्लेगच्या इस्पितळांबद्दल कोणत्या आठवड्यात कोणतं वृत्तपत्र बोललं, हे कळलं तरी तुमचे सतरा अंक पाच-सहांवर येतील.

यंत्राला घाबरू नका. बहुतेक रीडरवर, म्हणजे फिल्म वाचायच्या यंत्रावर, भरलेलं रीळ डावीकडच्या दांड्यावर चढवतात. फिल्मचं टोक रोलरखालून ओढून दोन काचांच्या मधून न्यायचं आणि उजवीकडच्या रिकाम्या रिळाच्या खाचेत अडकवायचं. दोन वेढे हाताने द्या, मगच हँडल फिरवा. पहिल्यांदा कर्मचाऱ्यांना लावून दाखवायला सांगा, त्यात संकोच करू नका. फिल्म कडेने धरा, चित्रावर बोट टेकवू नका. पान आडवं दिसलं तर चित्र फिरवायची सोय असते. काळ्यावर पांढरी अक्षरं दिसली तर ती निगेटिव्ह आहे, वाचायला चालते, फक्त प्रिंट काढताना उलटवून द्यायला सांगा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर रीळ न लावता परत द्या आणि वास आल्याचं सांगा. जुन्या ॲसिटेट फिल्मला हा रोग लागतो, आणि तशा अवस्थेत ती फिरवली तर जे उरलंय तेही जातं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. फिल्म करताना वर्षाच्या बांधीव फाइली उघडून फोटो घेतलेले असतात. शिवणीजवळ कागद आत दबतो आणि ओळीच्या टोकाची दोन-तीन अक्षरं काळपट पट्ट्यात जातात. एका गृहस्थांना आजोबांचं नाव हवं होतं. पडद्यावर ‘बळवं’ एवढंच दिसत होतं आणि पुढे काळोख. मी दिवा पूर्ण वाढवला, भिंग बदललं, फोकस अगदी केसभर हलवला, तेव्हा ‘तराव’ उमटलं. ते खुर्चीतून उठले आणि पडद्याला हात लावून उभे राहिले. तेव्हा पान पुढे ढकलण्याआधी शिवणीची बाजू दिवा वाढवून पुन्हा एकदा वाचा.

नाव सापडलं, तर त्या क्षणी पूर्ण पानाची प्रिंट घ्या, नुसत्या ओळीची नको. मागे अंकाची तारीख, पान, रकाना आणि रिळाचा क्रमांक लिहा. मोबाइलने फोटो घ्यायचा असेल, तर परवानगी विचारा.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या एका मराठी साप्ताहिकावर मी प्रबंध लिहितो आहे. रिळावर मधेच ‘अंक उपलब्ध नाही’ अशी पाटी येते, सलग तीन आठवडे. या काळात साप्ताहिक बंद होतं, असं लिहू का? (संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नका लिहू. ती पाटी कॅमेऱ्यापुढे असलेल्या फाइलीबद्दल बोलते, साप्ताहिकाबद्दल नाही. फोटो घेणाऱ्यासमोर एका ग्रंथालयाची एक फाइल होती, तिच्यात ते अंक नव्हते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. वाळवीने खाल्ले असतील, कुणी नेऊन परत केले नसतील, बांधणीवेळी राहिले असतील.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका संशोधकाला मी सांगितलं, ‘हे अंक निघालेच नाहीत.’ त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तसं छापलं. पुढे दुसऱ्या गावच्या वाचनालयात तेच अंक सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात निघाले. त्यांना पत्र लिहिताना माझा हात थरथरत होता. त्या दिवसापासून मी पाटीच्या आधीचा आणि नंतरचा अंक पाहिल्याशिवाय कुणाला उत्तर दिलं नाही.

तुम्हीही तेच करा. मथळ्याशेजारी वर्ष आणि अंकाचा क्रमांक असतो. पाटीच्या आधी अंक १७ आणि नंतर थेट अंक २१ असेल, तर मधले तीन निघाले होते, ते दुसरीकडे शोधायचे. १७ नंतर १८च असेल, तर मात्र साप्ताहिक खरंच थांबलं असण्याची शक्यता मोठी, आणि १८व्या अंकाच्या पहिल्या पानावर संपादकाने वर्गणीदारांची माफी मागितली आहे का, ते बघा. क्रमांक नव्या वर्षारंभी पुन्हा एकपासून सुरू होतात, तेवढं सांभाळा. तोवर प्रबंधात ‘अमुक ग्रंथालयाच्या फिल्मवर हे तीन अंक नाहीत’ असं लिहा, आणि रिळाचा क्रमांक द्या.