घरं पुन्हा उभारायच्या कामाला पहिल्यांदाच वादळग्रस्त गावात निघालीस ना?

आधी लॅपटॉप घरी ठेव. ३ जून २०२०ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर मी श्रीवर्धनकडच्या एका कोळीवाड्यात घरांचे तयार नकाशे घेऊनच गेले होते. एका आजींनी कागद उलटसुलट करून विचारलं, "बाय, सुकट कुठं घालू?" अंगणच काढलं नव्हतं मी!

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- दोन-तीन दिवस नुसती फिर. मासळी कुठे सुकते, पाणी कुठवर चढलं, हे बायकांना विचार. बैठकीत पुरुषच बोलतात.
- छपराकडे बघ. जोराचा वारा छप्पर वर ओढतो. म्हणून पत्र्याचे हुक कडेला आणि आढ्यापाशी जवळजवळ हवेत, वासे भिंतीला पक्के जखडलेले. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेव, उडालंच तर एकटं उडेल. हे गावच्या सुताराला पटलं की निम्मं काम झालं.
- घरपट्टीचा उतारा कोणाच्या नावे, तेही बघून ठेव.

नवशिके हमखास चुकतात ते एकसारखी घरं आखण्यात, तीही समुद्रापासून लांब. होडी पुळणीवर आणि नाखवा डोंगरावर, कसं जमायचं?

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, नंतर बोलू. आत्ता वही, टेप आणि छत्री पुरे.