सहा हजारांच्या पुढची गाडी

यावेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी होंडा एस2000 बद्दल आहेत, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या होंडाच्या दोन सीटच्या पेट्रोल स्पोर्ट्स कारबद्दल. ही गाडी भारतात कंपनीने अधिकृतपणे कधीच विकली नाही. त्यामुळे पत्रं अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आपल्या वाचकांची आहेत, पुण्याच्या एका पत्राचा अपवाद सोडून. आधी पत्र, मग माझं उत्तर.

पुण्यात आठ वर्षं डिझेल स्विफ्ट चालवली. आता फ्रीमाँटला 2001 ची एस2000 घेतली आहे. 240 हॉर्सपॉवर म्हणतात, पण पाय दाबला तरी गाडी हलत नाही. फ्रीवेवर शिरताना मागून ट्रक येतो आणि घाम फुटतो. इंजिनात बिघाड असेल का?

बिघाड असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. तुमचा पाय अजून डिझेलचा आहे. त्या स्विफ्टचं 1.3 लिटरचं इंजिन 190 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायचं, तोही 2000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्यांवर. एस2000 चं दोन लिटरचं इंजिन 208 देतं, पण 7500 ला. आकडे जवळजवळ सारखेच आहेत, फक्त ते मिळण्याची जागा साडेपाच हजार आरपीएम वर सरकली आहे. जास्तीची हवा आत ढकलणारा टर्बो नाही, त्यामुळे खालून ढकलणारं कोणी नाही. टॉर्क आणि आरपीएम यांच्या गुणाकारातून ताकद येते, आणि या इंजिनाने ती सगळी आरपीएमवर कमावली आहे.

साधारण सहा हजारांपाशी ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, व्हॉल्व्ह उघडणारे दांडे (रॉकर आर्म) एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह कॅमच्या मोठ्या उंचवट्यावर चालू लागतात. व्हीटेक म्हणतात ते हेच. तुम्ही जर तीन-चार हजारांना गिअर बदलत असाल, तर ज्यासाठी पैसे मोजले ते इंजिन तुम्ही अजून चालवलेलंच नाही.

आता ऑन-रॅम्प, म्हणजे फ्रीवेवर शिरायचा जोडरस्ता. दुसऱ्या गिअरमध्ये ही गाडी ताशी 65 मैलांच्या आसपास जाते, म्हणजे अख्खा रॅम्प दुसऱ्यातच काढायचा. डायलच्या वरच्या कमानीतली आरपीएमची नारिंगी पट्टी भरत जाऊ द्या आणि 8500 च्या पुढे तिसरा टाका. आकडा मुद्दाम सांगतोय. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेल्यावर आरपीएम साधारण 28 टक्के पडतात. 8500 ला बदललात तर 6150 ला उतरता, व्हीटेकच्या आतच राहता. घाबरून 7000 ला बदललात तर 5070 ला येता आणि गाडी पुन्हा झोपते. "मध्येच दम सोडते" ही तक्रार मला नेहमी येते, आणि दहापैकी नऊ वेळा कारण हेच निघतं.

ओव्हरटेकचंही तसंच. 60 मैलांवर सहाव्या गिअरमध्ये आरपीएम 3100 च्या आसपास असतात, तिसऱ्यात 5700. डिझेलमध्ये नुसता पाय दाबून काम व्हायचं. इथे आधी गिअर उतरवायचा, मग आरसा बघायचा, मग दाबायचं. जागा दिसल्यावर गिअर शोधायला गेलात की उशीर झालेला असतो. पहिले दोन आठवडे रिकाम्या रस्त्यावर फक्त एवढंच करा: सहाव्यातून तिसऱ्यात, क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटरला हलका टोला देऊन आरपीएम जुळवायचे. फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) हलकं आहे, टोला दिला की आरपीएम झटकन चढतात आणि तितक्याच झटकन पडतात. म्हणूनच सिग्नलला गचके बसतात. निघताना दीड-दोन हजार धरून ठेवा आणि क्लच सलग सोडा.

रोज 8000 पर्यंत नेलं तर इंजिन लवकर संपेल ना? वडील आयुष्यभर 2500 ला गिअर बदलत आले.

वडिलांची सवय त्यांच्या गाड्यांसाठी बरोबरच होती. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा एका बाजूचा प्रवास, 84 मिलिमीटर आहे. 9000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 25 मीटरच्या वर जातो. होंडाने ते त्याच हिशोबाने घडवलं आहे. पुढे अमेरिकेत 2004 पासून 2.2 लिटरचं इंजिन आलं, स्ट्रोक 90.7 झाला, आणि म्हणूनच लाल रेषा, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, 8000 वर आणावी लागली.

इंजिन मरतं ते तीन गोष्टींनी. पहिली, थंड असताना दाबणं. पाणी तापायच्या आत व्हीटेक लागतच नाही, पण पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापलं असं नव्हे. काटा स्थिरावल्यावर आणखी दहा मिनिटं चार हजारांखाली चालवा. दुसरी, ऑइल. वर फिरणारं हे इंजिन थोडं ऑइल खातं. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पुन्हा घाला, बघा. पातळी वरच्या खुणेपाशी हवी. बेअरिंग गेलेली जी इंजिनं मी उघडलेली पाहिली, त्यांच्या मालकांना शेवटची डिपस्टिक कधी काढली ते आठवत नव्हतं.

तिसरी सगळ्यात महाग. चौथ्यात 8000 ला असताना पाचवा टाकायला गेलात आणि हात तिसऱ्यात गेला, तर इंजिन 10,200 वर फेकलं जातं. आरपीएम मर्यादेत ठेवणारा लिमिटर इंधन तोडतो, पण चाकं इंजिनाला फिरवत असतात, तिथे तो काही करू शकत नाही. मूठ आवळून धरू नका, तळहाताने ढकला. जुनी गाडी घेतली असेल तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून रिटेनर (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या टोप्या) तपासून घ्या, सुरुवातीच्या गाड्यांत ते तडकतात. त्याच वेळी व्हॉल्व्हमधली फट (क्लिअरन्स) सेट करून घेता येईल.

लीड्स. 2003 ची गाडी. पावसात राउंडअबाउटवरून स्लिप रोडला (मोठ्या रस्त्यावर शिरायच्या जोडरस्त्याला) लागताना दाबली आणि मागचा भाग फिरला. थोडक्यात वाचलो.

वाचलात, बरं झालं. तुमच्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरताना आपोआप सावरणारी यंत्रणा, नाही. दुसऱ्यात साधारण 45 मैलांपाशी व्हीटेक लागतो, म्हणजे नेमका स्लिप रोडच्या वळणात. मागची चाकं आधीच वळणाचा भार पेलत असतात, त्यात ताकद एकदम वाढते. आणि घाबरून पाय पूर्ण काढला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी आणखी फिरते. ओल्यात वळणासाठी एक गिअर वरचा घ्या, तिसऱ्यात राहा, स्टिअरिंग सरळ होईपर्यंत सहा हजार ओलांडू नका. घसरलीच तर पाय हळू काढा आणि नजर जायचंय तिकडे ठेवा.

आणखी एक, आजच करा. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. फार न चालणाऱ्या अशा गाड्यांचे टायर नवे दिसतात, पण रबर कडक झालेलं असतं. सहा-सात वर्षांपलीकडचे असतील तर नक्षी कितीही असो, बदला.

ताकद वाढवायला एस2000 ला सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) बसवावा का?

एक वर्षभर नको. आधी आहे ते इंजिन वापरायला शिका, मग हवासा वाटला तर बसवा.

पुण्यात जुनी सिटी 1.5 व्हीटेक आहे. चार माणसं घेऊन ताम्हिणीत चढताना मरते. एसी बंद करावा लागतो.

106 हॉर्सपॉवरची ही सिटीही त्याच घरातली आहे. तुम्ही तिसऱ्यात चढवत असणार. हेअरपिनच्या आधीच दुसरा टाका, वळणात नव्हे, आणि आवाज वाढला म्हणून लगेच वर जाऊ नका. तो आवाज त्रासाचा नाही. एसी चालू राहील. तरीही ओढ वाटली नाही तर एअर फिल्टर, प्लग आणि क्लच या क्रमाने बघा. एवढ्या जुन्या गाडीत क्लच घसरत असण्याची शक्यता मोठी. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर आरपीएम चढतात आणि वेग तिथेच राहतो, असं झालं तर घाटात नेण्याआधी क्लच प्लेट बदलून घ्या.