शेवट ठाऊक असलेल्या कादंबऱ्या

(ऐतिहासिक, प्रेमाच्या आणि श्रद्धेच्या कादंबऱ्यांबद्दल आलेल्या प्रश्नांना या वेळी आमच्या एक जुन्या वाचक उत्तरं देत आहेत. त्यांनी ३६ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. दृष्टी गेलेल्या सासूबाईंना गेली ९ वर्षं त्या रोज संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवतात.)

प्रश्न : ऐतिहासिक कादंबरीत पुढे काय घडणार हे शाळेपासूनच माहीत असतं. मग पाचशे-सहाशे पानं वाचायची कशासाठी?

उत्तर : याचं उत्तर मला सासूबाईंनी दिलं. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हा त्यांनी पहिली मागितलेली कादंबरी रणजित देसाईंची ‘स्वामी’. १९६२ साली ती आली तेव्हाच त्यांनी वाचलेली होती. माधवराव पेशवे १७७२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, क्षयाने गेले हे त्यांना पाठ. तरीही शेवटची प्रकरणं जवळ यायला लागली तशी त्यांची चुळबुळ वाढली. एका संध्याकाळी त्यांनी पुस्तकावरच हात ठेवला आणि म्हणाल्या, “आज इथंच थांब. आजची रात्र तरी असू दे त्यांना.” पुढचे चार दिवस आम्ही ते पुस्तक उघडलं नाही.

तेव्हापासून मी हीच एक गोष्ट शोधत वाचते. शेवट आपल्याला ठाऊक असतो, पानावरच्या माणसाला नसतो. त्याचं हे न ठाऊक असणं लेखकाने जपलं, की आपलं ठाऊक असणं आपोआप बाजूला पडतं. टॉलस्टॉय १८६७ मध्ये बोरोदिनोची रणभूमी स्वतः हिंडून पाहून आला होता. नेपोलियन आणि रशिया यांच्यातल्या १८१२ च्या त्या लढाईत कोणती तुकडी कुठे उभी होती हे त्याला चांगलं माहीत होतं. पण ‘युद्ध आणि शांती’मध्ये ती लढाई दाखवायला त्याने धाडला पिएर, पांढरी हॅट घातलेला साधा नागरी माणूस. तोफखान्यात सगळ्यांच्या पायात येणारा. त्याला काहीही कळत नाही, आणि म्हणून आपल्याला लढाई कळते.

उलट काही कादंबऱ्यांत नायक दहाव्या वर्षीच पुढे होणाऱ्या आपल्या पुतळ्यासारखा उभा राहतो आणि आईशी बोलतानासुद्धा भाषण करतो. अशी कादंबरी मोठ्याने वाचताना माझा आवाज आपोआप सभेतल्यासारखा चढतो. सासूबाई लगेच म्हणतात, “ओरडतेस कशाला?”

प्रश्न : ऐतिहासिक कादंबरीतलं खरं किती आणि कल्पित किती, हे साध्या वाचकाने ओळखायचं कसं?

उत्तर : इथे मला एक जुनी खंत सांगायची आहे. माझ्याकडे एकदा एका ऐतिहासिक कादंबरीची प्रुफं आली. त्यात राणीने नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र होतं, अप्रतिम लिहिलेलं. इतर पत्रं छापील साधनांतून घेतलेली होती, हे मात्र लेखकाने स्वतः रचलेलं. सगळी पत्रं एकाच तिरप्या टायपात, सारखाच समास सोडून जुळवलेली. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘हे पत्र कल्पित असल्याचं प्रस्तावनेत एका ओळीत सांगावं का?’ उत्तर आलं, रसभंग होईल. पुस्तक तसंच निघालं. काही वर्षांनी एका व्याख्यानात वक्त्याने ते पत्र राणीचं म्हणून वाचून दाखवलं. समोरच्या बायकांचे डोळे भरून आले, माझेही आले. पण मी वेगळ्या कारणासाठी रडत होते. ती बाई खरंच जगून गेली होती. तिने न लिहिलेले शब्द आता कायमचे तिच्या नावावर चढले.

लेखकाने कल्पना करू नये असं मी म्हणत नाही. दोन माणसं बंद दाराआड काय बोलली याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडत नाही, ते रचावंच लागतं. माझा आग्रह त्या एका ओळीचा आहे. म्हणून कादंबरीची प्रस्तावना कधीही वगळू नका, निदान शेवटी तरी वाचा. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. शिवाजीमहाराजांकडे पाहण्याची इतिहासाची दृष्टी कोणती, याची ती मोकळी चर्चा आहे. कादंबरीच्या दारातच इतिहासाचा अभ्यासक बसवायला लेखकाला भीती वाटली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि एक साधी खूण. प्रत्येक गाजलेल्या प्रसंगी नायिका नेमकी खिडकीत उभी असेल, तर तेवढा भाग लेखकाचा समजावा.

प्रश्न : संवाद त्या काळच्या भाषेतच असावेत का?

उत्तर : चिमूटभर. पत्रात ‘विज्ञापना ऐसीजे’ आलं की काळ उभा राहतो, पण तहान लागलेल्या माणसाला पाणीसुद्धा तसंच मागायला लावलं की मला वाचवत नाही. जुने शब्द कमी वापरावेत, नवे शब्द मात्र कटाक्षाने टाळावेत. अठराव्या शतकातल्या सरदाराला ‘ताण’ आला, असं छापलेलं मी पाहिलं आहे.

प्रश्न : मी एक्कावन्न वर्षांची आहे. प्रेमाच्या कादंबऱ्या आवडीने वाचते, म्हणून घरचे हसतात. हे वाचन हलकं आहे का?

उत्तर : नाही. हसू द्या त्यांना. त्यांचा आक्षेप बहुतेक असा असणार, की शेवटी दोघं एकत्र येणार हे पहिल्याच पानावर कळतं. येणारच. ऐतिहासिक कादंबरीतही शेवट ठाऊकच होता की, तिथे कोणी हसलं नाही.

चांगल्या प्रेमकथेत मी पाहते ते हे, की दोघांमधली अडचण खरी आहे की लेखकाने आणून ठेवलेली. एक पत्र हरवलं, एक निरोप चुकीच्या माणसाने ऐकला, आणि तेवढ्यावर तीनशे पानं रेटली, तर पुस्तक हलकं आहे, विषय नव्हे. जेन ऑस्टिनच्या १८१३ मध्ये निघालेल्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’मध्ये एकसष्ट प्रकरणं आहेत. डार्सी लग्नाची मागणी घालतो ती चौतिसाव्या प्रकरणात, आणि एलिझाबेथ सपशेल नकार देते. अर्धं पुस्तक अजून शिल्लक आहे. त्या उरलेल्या अर्ध्यात वाईट योगायोग टळण्याची वाट बघायची नाही, दोन माणसं आपापल्या स्वभावातली चूक ओळखताना बघायची. बहिणीमुळे मध्येच मोठं संकट येतं, पण त्यातही आपण पाहतो ते या दोघांचं बदलणं.

ऑस्टिनची आणखी एक गोष्ट सांगते, कारण प्रुफं वाचणाऱ्या बाईला ती विसरता येत नाही. ‘परस्वेशन’ तिने जुलै १८१६ मध्ये लिहून पुरी केली. आठ वर्षांपूर्वी घरच्यांच्या सांगण्यावरून मोडलेलं प्रेम, आणि ती दोघं, अ‍ॅन आणि वेंटवर्थ, पुन्हा समोरासमोर. पण शेवट तिला पटला नाही. तिने तो काढून टाकला आणि ऑगस्टपर्यंत नवा लिहिला. नव्या शेवटात अ‍ॅन दुसऱ्याच एका माणसाशी बोलते आहे, पुरुषाचं प्रेम जास्त टिकतं की बाईचं यावर. त्याच खोलीत वेंटवर्थ पाठमोरा काहीतरी लिहीत बसला आहे. तो ऐकतो, आणि तिथल्या तिथे तिला पत्र लिहितो. रद्द केलेली हस्तलिखित पानं आजही जपून ठेवलेली आहेत. ‘दोघं एकत्र आली’ हा शेवट आधीच्या पानांतही होताच. तब्येत खालावत असताना तिने एवढे कष्ट घेतले ते त्या दोघांना तो शेवट दिसू न देता तिथवर नेण्यासाठी, असं मी मानते. घरच्यांना तेवढं एक प्रकरण वाचून दाखवा.

प्रश्न : माझा देवावर विश्वास नाही. श्रद्धेवरच्या कादंबऱ्या मला उपदेश वाटतात. त्या माझ्यासाठी नाहीत असं समजू का?

उत्तर : तसं समजू नका, पण तुमची तक्रार रास्त आहे आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुधा जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची. म्हणजे मराठी कादंबरी जन्मली तीच श्रद्धेच्या पोटी. त्यानंतर १८६१ ला हळब्यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ आली, १८७१ ला गुंजीकरांची ऐतिहासिक ‘मोचनगड’. तुमच्या सगळ्यांच्या पत्रांतले तिन्ही प्रकार पहिल्या चौदा वर्षांत हजर.

‘यमुनापर्यटन’ मी दोनदा वाचली. यमुना प्रवासात विधवा बायकांच्या कहाण्या ऐकते, ती पानं दीडशेहून जास्त वर्षांनीही काळजात घुसतात. नंतर लेखकाला तिला आपल्या धर्माच्या दारी पोहोचवायचं असतं, आणि तिथे माझं मन मागे राहतं. लेखकाने स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता, त्याचा प्रामाणिकपणा मला पूर्ण मान्य आहे. पण यमुनेच्या आधी त्याचं ठरलेलं होतं. तिला ठरवायला त्याने वेळच दिला नाही.

दोस्तोयव्हस्कीने तो दिला. तो श्रद्धावान होता. ‘करामाझव बंधू’ लिहायला घेतली त्याच सुमारास, १८७८ मध्ये, त्याचा धाकटा मुलगा अल्योशा फेफऱ्याच्या झटक्याने गेला, तीन वर्षांचाही नव्हता. कादंबरीतल्या साधूवृत्तीच्या भावाला त्याने तेच नाव दिलं. आणि मग काय केलं, तर दुसऱ्या भावाच्या, इव्हानच्या, तोंडी निरपराध मुलांच्या यातनांचा असा प्रश्न घातला, की त्याला तोडीस तोड युक्तिवाद त्या संभाषणात कुणीच करत नाही. अल्योशा उठतो आणि भावाचं चुंबन घेतो, एवढंच. स्वतःचं मूल गेलेल्या माणसाने आपल्या श्रद्धेविरुद्धचा पुरावा इतक्या ताकदीने मांडला. तुमच्यासारख्याने ती पानं वाचावीत. तुमची बाजू तिथे तुमच्याहून चांगली मांडलेली सापडेल.

आपल्याकडे दि. बा. मोकाशींची ‘आनंदओवरी’, १९७४ ची. तुकाराम नाहीसे झाल्यानंतर त्यांना शोधत फिरणारा धाकटा भाऊ कान्होबा ती सांगतो. संत मधोमध आहेत, पण आपण उभे असतो ते मागे राहिलेल्या माणसाजवळ. कान्होबाला उत्तर हवं आहे, आणि ते मिळेल अशी हमी लेखक देत नाही. सासूबाई रोज नामस्मरण करणाऱ्या, माझी श्रद्धा अधूनमधून विझणारी. ती कादंबरी आम्ही दोघींनी सारख्याच ओढीने ऐकली. एका रात्री त्या म्हणाल्या, “मी त्यांच्या घरची असते तर रागावले असते गं तुकोबांवर.” तोवर त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रश्न : न आवडलेली कादंबरी अर्धवट सोडावी का?

उत्तर : खुशाल सोडा. मी शंभर पानं देते. नोकरीत असताना एकही ओळ वगळायची मुभा नव्हती, त्यामुळे हे स्वातंत्र्य मला प्रिय आहे.

प्रश्न : सध्या काय वाचताय?

उत्तर : ‘स्वामी’ पुन्हा. सासूबाईंनीच मागितली. या खेपेला त्यांना बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. कालच त्यांनी विचारलं, “हे बरे होतात ना गं शेवटी?” मी म्हटलं, अजून तिथवर आलो नाही आपण. खूण सध्या दोनशे दहाव्या पानावर आहे.