इटलीत सात रात्री आहेत. कोमो तळ्याकाठी निवांत राहावं की फ्लॉरेन्स बघावं?

तुम्ही लिहिलंय की दोघं पहिल्यांदाच इटलीला निघालाय, एकच ठिकाण निवडायचंय, तुम्हाला तळं हवंय आणि बायकोला फ्लॉरेन्स. मग हा प्रश्न आम्हा परक्यांना कशाला विचारता? उत्तर तुमच्या घरातच आहे. फ्लॉरेन्सला जा. सहा रात्री तिथे राहा आणि एक मिलानला.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण हाच वाद माझ्या घरी झाला, मी माघार घेतली आणि ते शल्य अजून गेलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोल्हापूरची. तीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीच्या पैशातून एकदा फ्लॉरेन्सला जायचं हे मी कधीचं मनात धरून होते. मिस्टर म्हणाले, "जन्मभर धावलीस, आता चार दिवस स्वस्थ बस." बोलणं मायेचंच होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणणं अवघड गेलं. थोरल्या वन्सं म्हणाल्या, "अगं, सुट्टीत तरी शाळा भरवू नकोस." ते मात्र लागलं. शेवटी बुकिंग झालं ते असं: कोमोकाठच्या वारेन्ना गावी पाच रात्री, फ्लॉरेन्सला दोन. पैसे माझे होते हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तळं वाईट आहे असं मुळीच नाही. मिलानच्या मुख्य स्टेशनावरून, मिलानो चेंत्रालेहून, वारेन्नाची गाडी तासाभरात पोचवते. जाताना डाव्या खिडकीशी बसा, लेक्को सोडलं की पाणी सोबत करतं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो. या तळ्याचा आकार उलट्या वाय अक्षरासारखा आहे, खोली चारशे मीटरच्या वर, आणि तीन फाटे मिळतात तिथे बेलाजो. वारेन्ना, बेलाजो, मेनाजो या तीन गावांमध्ये दिवसभर बोटी ये-जा करतात, पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. पहिल्या दिवशी आम्ही वारेन्नातली व्हिला मोनास्तेरोची बाग पाहिली, दुसऱ्या दिवशी बेलाजो आणि पलीकडे त्रेमेत्सोला व्हिला कार्लोत्ता. तिसऱ्या दिवशी पाऊस. चौथ्या दिवशी त्याच बाकावर बसून तेच पाणी. मिस्टर सुखात होते. मी मनातल्या मनात फ्लॉरेन्सचे दिवस मोजत होते. पाण्याकाठी बसायला मला रंकाळा आहे, त्यासाठी व्हिसाच्या रांगेत उभं राहायची गरज नव्हती.

निवांतपणाचं म्हणाल तर वारेन्नाच्या गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच आहेत. हॉटेल वरच्या अंगाला असेल तर बॅगा हातात घेऊन चढायचं. साठीच्या माणसाला याला विश्रांती म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्या तळ्याची कायम लक्षात ठेवीन. तिथे तळ्यातले मासे खारवून, उन्हात वाळवून, डब्यात दाबून ठेवतात. मिसोल्तीनी म्हणतात त्यांना. ते भाजून, वर व्हिनेगर घालून, मक्याच्या पिठाच्या घट्ट पोलेंतासोबत वाढतात. ताट समोर आलं आणि वास सरळ माझ्या मालवणच्या आजोळी घेऊन गेला, चुलीत सुका बांगडा भाजल्यावर यायचा तोच. पाच दिवसांत मी तिथे मनापासून जागी झाले ती त्या जेवणाला.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला फ्लॉरेन्सला उतरलो. उफिझी या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयाची त्या दिवसाची तिकिटं संपलेली. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. उफिझी सोमवारी बंद असतं, मायकेलँजेलोचा मूळ डेव्हिडचा पुतळा आहे ते अकादेमिया संग्रहालयही सोमवारीच बंद. बुकिंग करताना वार कुणी पाहिला नव्हता. पिआत्सा देल्ला सिन्योरिया या चौकात डेव्हिडची प्रतिकृती उभी आहे, मूळ पुतळा 1873 मध्ये तिथून अकादेमियात हलवला. मी प्रतिकृतीसमोर उभी राहिले. पोरांना ज्याच्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं, तो तिथून चालत दहा मिनिटांवर कुलूपबंद होता.

फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चचा घुमट तेवढा कुणाला बंद करता येत नाही. दरवर्षी मी फळ्यावर खडूनं ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा तो घुमट काढायची: आत एक कवच, बाहेर दुसरं, दोन्हींच्या मधून जिना, आणि विटा तिरप्या गुंफून लावलेल्या, म्हणजे खालून लाकडी आधार न देता बांधकाम वर चढत जाईल. 1420 ला सुरुवात, 1436 ला पूर्ण. एका अरुंद गल्लीतून वळले आणि गल्लीच्या टोकाला तो लाल घुमट असा आला की पुढचं आकाशच दिसेना. फळ्यावर माझ्या हाताएवढा असायचा. मी रस्त्यातच थांबले, मागून येणारी माणसं बाजूनं गेली. वन्संना सांगायचंय की शाळा भरवायची नसेल तर नका भरवू, पण ज्याच्या डोक्यात ती तीस वर्षं भरलेली आहे त्याला त्या गल्लीत जे मिळतं ते कुठल्याही बाकावर बसून मिळत नाही.

आता मला फ्लॉरेन्सला जायचं होतं त्याचं खरं कारण. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, राजर्षी शाहूंच्या आधीच्या काळात गादीवर होते ते, 1870 मध्ये युरोपला गेले. वय जेमतेम वीस. इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. प्रेत जाळण्याची तिथे रीतच नव्हती, त्यामुळे खास परवानगी घ्यावी लागली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री दहन झालं. आपल्या माणसांनी तिथेही संगमच शोधला, हे वर्गात सांगताना दरवेळी माझा आवाज बसायचा. 1874 मध्ये त्या जागी छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराचा. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचा आराखडाही पुढे त्याच माणसानं केला, म्हणजे ज्या वास्तूवरून मी हजार वेळा गेले असेन तिचं एक नातं त्या नदीकाठी आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणतात, जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव.

सोमवारी दुपारी मिस्टरांचे पाय दुखत होते, ते हॉटेलवर थांबले. मी एकटी ट्रामनं काशीने बागेच्या थांब्यावर उतरले आणि पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत गेले, पाऊण तास. टोकाला झाडं विरळ झाली आणि छत्री दिसली. भोवती लोखंडी कुंपण आहे, जवळ जाता येत नाही. फेट्यातला तो कोवळा चेहरा बघून मला वर्गातली बारावीची पोरं आठवली, इतका लहान. शेजारून सायकली जात होत्या, एक बाई कुत्रा फिरवत होती. मी चपला काढून कुंपणापाशी उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही, परतेपर्यंत दिवे लागले होते.

हॉटेलवर येऊन मिस्टरांना फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आधी सांगायचंस ना, मी आलो असतो." मी त्यांना निघण्याआधी तीनदा सांगितलं होतं. एकदा तर बुकिंग करताना, ते तळ्याच्या हॉटेलचे फोटो बघत होते तेव्हा.

तर तुम्ही बायकोला एवढंच विचारा की फ्लॉरेन्समध्ये तिला नेमकं काय बघायचंय, आणि ती सांगेल तेव्हा मोबाइल खाली ठेवा. तिच्याकडे नक्की काहीतरी आहे. तळं हवं असणाऱ्याला बहुतेक वेळा 'काहीही न करणं' हवं असतं, आणि ते लोणावळ्यालाही करता येतं.

काही गोष्टी तुमच्या बाजूच्याही आहेत, त्या सांगायला हव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर फ्लॉरेन्स भट्टी होते, टेकड्यांच्या खोलगटात वसलंय ते. तेव्हा तळंच बरं. दोघांपैकी कुणी आजारातून उठलं असेल तरीही तळं, फक्त हॉटेल बोटीच्या धक्क्याजवळ घ्या. नोव्हेंबर ते मार्च कोमोची बरीच हॉटेलं बंद असतात, त्या दिवसांत हा प्रश्नच उरत नाही. नाहीतर तळ्याची हौस मिलानच्या त्या एका मुक्कामात भागते: सकाळची गाडी, बेलाजोची बोट, संध्याकाळी परत. मिलान ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीनं दोन तास. घुमटावर चढायचं तर वेळ ठरवून आधीच तिकीट काढावं लागतं, वर 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. हॉटेलात माणशी, रात्रीचा शहरकर वेगळा घेतात, त्यासाठी थोडे सुटे युरो जवळ ठेवा.

येत्या एप्रिलमध्ये मी धाकट्या बहिणीबरोबर परत जातेय. सहा रात्री, सगळ्या फ्लॉरेन्सला. उफिझी मंगळवारी, अकादेमिया बुधवारी, तिकिटं हातात आली की मिस्टरांनाही विचारणार आहे. सोमवार काशीनेसाठी ठेवलाय.